मास्तरांच्या घराकडे बघताना

लग्न होऊन मी बारामतीला आले ते साल पंचावन्न. माहेर निमगाव केतकीचं. तिथं घर माणसांनी इतकं भरलेलं की एकटीनं बसून रडायचं म्हटलं तरी जागा मिळायची नाही. आणि इथं एकदम दोन खोल्या आणि आम्ही दोघं. हे कालव्याच्या ऑफिसात कारकून. गावात जागा मिळेना म्हणून गावाबाहेर, कालव्याच्या पुलापलीकडे, एका बागाईतदारानं भाड्यानं द्यायला बांधलेल्या ओळीत आम्ही बिऱ्हाड केलं. तीन बिऱ्हाडांची ओळ, वर कौलं, पुढं ओटे, मागं सलग पडवी. भोवती वांग्या-मिरच्यांचे वाफे. मालकाचं घर मागं मळ्यातच होतं. मालकीणबाईंना सगळे आक्का म्हणायचे.

पहिल्या घरात काकू राहायच्या. त्यांचे यजमान मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेले, मुली सासरी गेलेल्या. मधलं घर आमचं. तिसऱ्यात शाळामास्तर, त्यांची बायको, एकोणीस वर्षांची मोठी मुलगी आणि तिच्या पाठची दोन शाळकरी भावंडं. मास्तरांच्या बायकोला मी मावशी म्हणत असे. मुलगी मला वहिनी म्हणायची.

काकूंच्या ओट्यावरून पुलापर्यंतचा रस्ता सरळ दिसायचा. सकाळी अकरा ते एक आणि दुपारी चारनंतर त्या भाजीचं सूप घेऊन तिथं बसायच्या. कोण कुठल्या गाडीनं आलं, कुणाच्या पिशवीत काय होतं, मास्तर शाळेतून उशिरा का परतले, कुणाच्या घरातून आज फोडणीचा वास आला नाही, हे सगळं भाजी निवडता निवडता त्यांच्या लक्षात यायचं. कुणी म्हणेल भोचकपणा. मला तेव्हा तसं वाटत नसे. मी एकटी होते, आणि कुणीतरी आपल्याकडे बघतंय याचा मला आधार वाटायचा. मला पहिल्याच महिन्यात हिवताप आला, तेव्हा ह्याच काकू दोन दिवस माझ्या उशाशी बसल्या होत्या. मेतकूट कसं करायचं तेही त्यांनीच शिकवलं. त्यामुळं त्यांच्या मर्जीत राहावं असं मला फार वाटे. अडचण एकच होती. काकूंकडे रोज सांगायला काहीतरी असायचं आणि माझ्याकडे कधीच काही नसायचं. मी नुसती 'हो का, बाई' म्हणत मेथी निवडायची.

आता एक गोष्ट सांगायला हवी. आजच्या मुलींना ती सांगितली तर त्या हसतात, पण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तेव्हा बाईला कावळा शिवला की तिनं तीन दिवस बाजूला बसायचं. कशाला शिवायचं नाही, चुलीकडे फिरकायचं नाही, चौथ्या दिवशी न्हाऊन घरात यायचं. आमच्या पडवीच्या टोकाला त्यासाठी एक छोटी खोली होती, तिन्ही घरांत मिळून एकच. आत एक घोंगडी आणि एक तांब्या. बसलेल्या बाईला दुसऱ्या कुणीतरी दुरून ताट सरकवायचं, वरून पाणी ओतायचं, चौथ्या दिवशी न्हाणीत पाणी काढून द्यायचं.

माझ्या घरात दुसरी बाई नव्हती. म्हणून माझे ते तीन दिवस मास्तरांची मुलगी सांभाळायची. ह्यांचा चहा, दोन भाकऱ्या, माझं ताट, माझं पाणी. आणि ती बसली की मी तिचं बघायची, कारण मावशी सकाळपासून मास्तरांचा डबा, भावंडांची शाळा आणि चूल यातच गुंतलेल्या. आम्हां दोघींत हे आपोआप ठरून गेलं होतं. तांब्या उंच धरून तिच्या ओंजळीत पाणी सोडताना ती मुद्दाम बोटं फाकायची आणि माझ्या पायांवर शिंतोडे उडवायची. मी चिडायची. ती मोठ्यांदा हसायची. मुलींनी इतकं मोठ्यांदा हसू नये, असं काकूंचं मत होतं.

मुलगी मॅट्रिक झालेली, उंच, सावळी, दिसायला नीटस. ज्येष्ठात तिची सुपारी फुटली होती. मुलगा इंदापूरचा, तिथल्याच कचेरीत नोकरीला. लग्न मार्गशीर्षात. तिचे मामा इंदापूरला असायचे, आणि मामींकडे शिवणयंत्र होतं. सासरी जायच्या आत शिवण यावं म्हणून महिन्यातून आठ-दहा दिवस ती एस.टी.नं इंदापूरला जायची. परत आली की नवीन झंपर दाखवायला आधी माझ्याकडे यायची.

भाद्रपदात गणपती उठले आणि मी बाजूला बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती ताट घेऊन आली आणि सरकवून जायच्याऐवजी पडवीच्या पायरीवर बसली. दमल्यासारखी दिसत होती. मी विचारलं तर म्हणाली, "वहिनी, संध्याकाळ झाली की अंगात कसर येते. जेवण नको वाटतं. फोडणीचा वास आला तरी मळमळतं. हात लावून बघा ना जरा, ताप आहे का."

मी हसून म्हटलं, तुला आता कुठून हात लावू. तिलाही आठवलं आणि तीही हसली. मग उठून गेली.

मी घोंगडीवर बसून राहिले. त्या खोलीत करायला काहीच नसायचं, आणि रिकामं डोकं कुठंही जातं. जेवण नको, वास नको, मळमळ. माझ्या थोरल्या जावेला दिवस गेले तेव्हा ती हेच म्हणत होती. मग मी बोटांवर हिशेब केला. हिचं पाणी मी शेवटचं कधी घातलं? आषाढात, पंढरीची माणसं परतायच्या आधी. श्रावणात नाही. भाद्रपद संपत आला तरी नाही. कितीदा मोजलं तरी तेच.

इंदापूरला असताना तिचे दिवस आले असतील, हेही मला सुचलं. पण गेल्या दोन महिन्यांत ती नेमकी कधी गेली, कधी आली हे मला पाठ होतं, आणि ते जुळत नव्हतं.

चौथ्या दिवशी न्हाऊन मी मोकळी झाले. आता तिच्या कपाळाला हात लावायला कसलीही अडचण नव्हती. तिचं दार माझ्या दारापासून चार पावलांवर. मी मेथीची जुडी घेतली आणि काकूंच्या ओट्यावर गेले.

काय बोलले ते आज शब्दन् शब्द आठवत नाही. सरळ काहीच म्हणाले नाही एवढं नक्की. मास्तरांच्या मुलीची तब्येत बरी दिसत नाही, असं सुरू केलं. मग मळमळ सांगितली. मग म्हणाले, मी बाई दोन महिन्यांत तिचं पाणी घातलेलं नाही. काकूंचे हात थांबले. निवडलेली मेथी त्यांनी हळूच सुपाच्या कडेला सारली आणि विचारलं, "इंदापूरला जाते ना गं ती?" मी मान हलवली. हे कुणाजवळ बोलू नकोस, एवढं मला बजावलं. मीही शपथ घातली, त्यांनीही घेतली. त्या दिवशी त्यांनी मला चहाबरोबर ठेवणीतला लाडू दिला.

तिसऱ्या दिवशी आक्का वांगी द्यायला आल्या आणि माझ्याशी बोलता बोलता त्यांची नजर मास्तरांच्या दाराकडे दोनदा गेली. बातमी ओट्यावरून उतरली होती.

त्याच आठवड्यात एका दुपारी, मास्तर आणि मुलं शाळेत असताना, काकू मास्तरांच्या घरी गेल्या. मी खिडकीच्या फटीतून त्यांना जाताना पाहिलं आणि अर्ध्या तासानं परत येताना पाहिलं. हातात वाटी होती. विरजण मागायला गेल्यासारखं.

आमची मधली भिंत अर्धवट विटांची, वर नुसतं कुडाचं. पलीकडचं सगळं ऐकू यायचं. मी चुलीपाशी श्वास रोखून बसले. आधी मावशींचा आवाज, अगदी बारीक. मग मुलगी म्हणाली, "नाही आई. देवाशप्पथ नाही." पुन्हा मावशींचा आवाज. पुन्हा ती, "कुणी सांगितलं तुला?" मग काहीतरी भांडं पडलं. त्यावर आईनं कुणाचं नाव सांगितलं, हे मला कळायलाच हवं होतं. मी भिंतीला कान लावला. लाज वाटली, पण कान काढला नाही.

त्या दिवसापासून मास्तरांचं दार दुपारी लागायला लागलं. मुलीचं इंदापूरला जाणं बंद झालं. ती ओट्यावर दिसेना, हसणं ऐकू येईना. माझी बसायची वेळ आली तेव्हा माझं ताट घेऊन मावशी आल्या. ताट दूर ठेवलं, पाणी ओतलं आणि लगेच परत गेल्या. माझं नाव त्यांना कळलंय की नाही, याचा मला त्यांच्या चेहऱ्यावरून अंदाज येईना. तीन दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

मी ह्यांना अर्धवट काहीबाही सांगितलं. मुलीला रोज संध्याकाळी ताप येतो म्हणतात, एवढंच. हे म्हणाले, मग गावातल्या डॉक्टरला दाखवा की, त्यात काय एवढं. मी म्हटलं, यात तुम्ही पडू नका, हे बायकांचं आहे. त्यांनी वर्तमानपत्र उघडलं. सगळ्या ओळीत शहाणपणाचं एक वाक्य बोलला तो माझा नवरा, आणि त्याला गप्प मी केलं.

मावशींनीही डॉक्टरला का दाखवलं नाही, हे मला तेव्हाच समजत होतं. गावात दवाखाना होता. पण बाहेरच्या बाकावर निम्मं गाव बसलेलं असायचं, आणि आत कंपाउंडर पडदा अर्धा उघडा ठेवूनच काम करायचा. लग्न ठरलेली मुलगी घेऊन आई तिथं बसली की संध्याकाळपर्यंत ते पुलाच्या अलीकडे पोचलं असतं. काकूंच्या ओट्यावर आधी पोचलं असतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मुलगी कपडे वाळत घालायला पडवीत आली. किती तरी दिवसांनी मी तिला नीट पाहिलं. हात काटकुळे झालेले, गाल आत गेलेले, आणि लुगड्याच्या निऱ्यांखाली पोट पुढं आलेलं. तिनं दोरीवर हात नेला तेव्हा ते स्पष्ट दिसलं. पडवीच्या दुसऱ्या टोकाला काकू उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. म्हणजे तू म्हणालीस ते खरं.

मला तेव्हा काय वाटलं ते सांगते, कारण हे सगळं लिहायचं ते त्यासाठीच. मला हायसं वाटलं. महिनाभर माझा जीव टांगणीला लागला होता. माझं बोलणं खरं निघालं तर तिचं वाटोळं होणार होतं, खोटं निघालं तर माझी शोभा होणार होती. आणि मी मनातल्या मनात ते खरं निघावं म्हणूनच थांबले होते. मग रात्रभर अंथरुणात तळमळले ते वेगळं. पण आधी हायसं वाटलं.

कोजागिरीनंतर मावशी एकट्याच इंदापूरला जाऊन आल्या. लग्न मार्गशीर्षात नको, तुळशीचं लग्न लागलं की लगेच उरकून घेऊ, असं म्हणायला गेल्या होत्या. मुलाकडच्यांनी विचारलं, एवढी घाई कशाला. मावशींना खोटं बोलता यायचं नाही. मास्तरांची बदली होणार आहे असं त्या म्हणाल्या, आणि कुठं होणार ते विचारल्यावर गडबडल्या. हे मला पुढं आक्कांकडून कळलं.

आठ दिवसांनी दुपारच्या गाडीनं मुलाचे काका आले. पुलावरून चालत येणारा माणूस आम्ही सगळ्यांनीच पाहिला. पांढरं धोतर, काळी टोपी, काखेत पिशवी. मास्तरांच्या ओट्यावर ते बसले, पण पाण्याचा तांब्या पुढं केला तो त्यांनी घेतला नाही. पिशवीतून सुपारीत इकडून गेलेली साडी आणि नारळ काढून ओट्यावर ठेवला, म्हणजे लग्न मोडलं. मास्तर हात जोडून उभे होते. त्यांना बिचाऱ्यांना तोवर काहीच माहीत नव्हतं. ते पुन्हा पुन्हा विचारत होते, आमचं चुकलं काय. काकांनी सांगितलं नाही. आले तसे गेले. मी दाराआडून बघत होते. काकू मात्र ओट्यावर उघड बसल्या होत्या, आणि तो माणूस समोरून गेला तेव्हा त्यांनी पदर सारखा केला.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून मास्तरांचा आवाज आला. त्या माणसाचा आवाज चढलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. मुलगी रडत होती आणि मधूनच खोकत होती. 'मी काही केलं नाही हो अण्णा', एवढंच तिला म्हणता येत होतं. ह्यांनी उठून बाहेरची वाट धरली. मी कानांवर हात ठेवून बसले, आणि हात ठेवूनही ऐकत राहिले.

मग आक्का मध्ये पडल्या. त्यांचं माहेर भिगवणकडचं डाळज. तिथं एक म्हातारी सुईण होती, तिच्या हाताखाली निम्म्या गावाचा जन्म झालेला. तिच्याकडे नेऊन 'मोकळं' करायचं असं मावशींनी आणि आक्कांनी ठरवलं. ओळीत सांगितलं की मोरगावला गणपतीच्या दर्शनाला चाललो. सकाळी तिघी निघाल्या. काकू म्हणाल्या, मोरगावची गाडी सोडून ह्या भिगवणच्या गाडीत कशा बसल्या गं? त्यांनी तेही पाहिलं होतं. दिवसभर माझ्या हातून काम होईना. तिथं काही कमी-जास्त झालं, मुलगी गेली तर, हा विचार डोक्यातून जाईना. दूध उतू गेलं, भाकरी करपली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आक्का माझ्या मागच्या दारात येऊन बसल्या. चेहरा उतरलेला. पाणी दिलं ते प्यायल्या. मग म्हणाल्या, "म्हातारीनं पोट चाचपलं. ह्या कुशीवरनं त्या कुशीवर केलं, टिचक्या मारून बघितलं. म्हनली, हितं ल्येकरू न्हाय. पानी हाय. ताप कवापासनं हाय, इचारलं. पोरगी म्हनली, आखाडापासनं. म्हातारी मलाच म्हनली, तुमी बाया येवढं दिस काय करत व्हता?"

आखाडापासून ताप. म्हणजे मी तिचं शेवटचं पाणी घातलं तेव्हापासून. दिवस बंद झाले ते तापानं.

डाळजच्या म्हातारीनं जडीबुटीची एक काडीसुद्धा दिली नव्हती. सरळ पुण्याला मोठ्या दवाखान्यात न्या, असं सांगून तिनं परत पाठवलं होतं. तिसऱ्या दिवशी मास्तर रजा काढून मुलीला आणि मावशींना घेऊन निघाले. बारामतीहून दौंडपर्यंत छोटी गाडी, तिथून पुढं मोठी. मी गुंडाळलेलं अंथरूण घेऊन टांग्यापर्यंत गेले. मुलगी टांग्यात मागं बसली होती, आईच्या शालीत. मावशी पाण्याचा फिरकीचा तांब्या आणायला आत गेल्या, आणि आम्ही दोघीच उरलो.

तेव्हा मी तिच्या कपाळाला हात लावला. भट्टीसारखं तापलं होतं. तिनं डोळे उघडले आणि हळू आवाजात विचारलं, "वहिनी, तुम्हाला तरी तसं वाटलं नव्हतं ना?"

मी म्हणाले, "नाही गं. मला कधीच नाही."

तिचा विश्वास बसला. ती हसली. तिला कुणाचं नाव कळलेलं नव्हतं, हे मला त्या हसण्यावरून समजलं. टांगा पुलावर चढेपर्यंत मी रस्त्यात उभी होते. मी काकूंच्या ओट्याकडे बघायचं टाळत होते.

पुण्याहून मास्तरांची कार्डं ह्यांच्या नावानं यायची. पोटाचा क्षय निघाला. पोटातलं पाणी काढलं, सुया सुरू केल्या. एका कार्डात त्यांनी लिहिलं होतं, डॉक्टर म्हणतात दोन-तीन महिने आधी आणायला हवं होतं, आता प्रयत्न चालू आहेत. हे कार्ड ह्यांनी ओट्यावर मोठ्यानं वाचलं. काकू ऐकत होत्या. त्यांनी सूप उचललं आणि त्या आत गेल्या. मास्तरांची मुलं त्या दिवसांत आळीपाळीनं आमच्याकडे आणि काकूंकडे जेवायची. धाकटी मुलगी रोज विचारायची, ताई कधी येणार. मी सांगायची, संक्रांतीला. टपालवाला पुलावर दिसला की मी हातातलं काम टाकून ओट्यावर यायची. त्याच्या हातात कार्ड आहे की पाकीट, आपलं आहे की दुसऱ्याचं, हे मी दुरूनच ओळखायचा प्रयत्न करी.

संक्रांतीच्या आधीच कार्ड आलं. वर 'श्री' नव्हतं; मृत्यूच्या पत्रावर ते घालत नसत. ह्यांनी ते ओट्यावर उभ्यानंच वाचलं, फाडलं आणि मला पाणी काढायला सांगितलं. मी न्हाणीघराकडे गेले, तिथंच खाली बसले आणि तोंडात पदर कोंबून रडले. काकूही रडल्या. खोटं रडल्या नाहीत, हे मी शपथेवर सांगेन. मास्तर आणि मावशी परतल्यावर तेरावा होईपर्यंत त्यांच्या घरी चूल पेटवावी लागू नये म्हणून त्यांनी कंबर दुखत असताना तीन वेळचं अन्न पोचवलं. फक्त एकदा, भात वाढून घेता घेता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, आपल्याला तरी काय ठाऊक, बाई. तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. त्यानंतर त्या मरेपर्यंत मला त्यांच्यावर राग धरता आला नाही. माझ्याजवळचंच त्यांनी पुढं नेलं होतं.

मास्तरांनी बदली मागून घेतली. सामान बांधायला काढलं तेव्हा एके दिवशी दुपारी मावशी माझ्याकडे आल्या. तोवर त्या माझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या. मी तांदूळ पाखडत होते. त्या समोर पाटावर बसल्या. मला वाटलं, आता शिव्या देतील. द्याव्यात, असंही वाटलं. गेले कित्येक दिवस मी त्या शिव्यांचीच वाट बघत होते.

त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. आवाजही चढवला नाही. म्हणाल्या, "काकूंनी तुझं नाव घेतलं नव्हतं. पण तिचं पाणी तूच घालायचीस. तुझ्याशिवाय कोण मोजणार होतं?"

मी सूप खाली ठेवलं.

"एकच विचारते. तू माझ्याकडे का आली नाहीस गं? माझं लक्ष नव्हतं. ती मामाकडे बसत असेल असं मी धरून चालले होते. तू येऊन म्हणाली असतीस, मावशी, हिचे दोन महिने चुकलेत आणि हिला ताप येतो, तर मला काळजी वाटली असती. मी त्या दिवशीच डॉक्टरकडे धावले असते. मला ते काकूंच्या तोंडून कळलं. मग मला काळजी वाटली नाही. लाज वाटली. पोटची पोर शपथा घेत होती, आणि मी तिच्या अंगाला हात लावून बघितलं नाही."

खरं कारण मला माहीत होतं. तेव्हाही माहीत होतं. मावशींना सांगायचं म्हणजे एक जड काम होतं, आणि काकूंना सांगण्यात मला मजा वाटणार होती. वाटलीही होती. त्यांचे मेथीवरचे हात थांबले तेव्हा मी त्या ओळीत आल्यापासून पहिल्यांदा खूश झाले होते.

मावशी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी म्हणाले, "सुचलं नाही हो, मावशी."

त्यांनी मान हलवली. लहान आहेस अजून, म्हणाल्या, आणि जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या.